गावात वासुदेव, शहरात भिकारी
रस्त्यावर गाऊन-नाचून पोट भरणाऱ्यांना शहराचा कायदा काय म्हणतो?

सुगी आटोपत आली, खळ्यावर रास पडली की पूर्वी गावाकडे माणसांची एक वेगळीच रीघ लागत असे. बलुतेदार-अलुतेदार तर हक्काचेच. पण त्यांच्या मागोमाग मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव यायचा, पहाटेच्या अंधारात पिंगळा यायचा, नंदीबैलवाल्याचे गुबुगुबू वाजायचे, मंगळवारी-शुक्रवारी कडकलक्ष्मी अंगावर आसूड ओढत दारात उभी राहायची. डोंबाऱ्याने चावडीपुढे बांबू रोवले म्हणजे शाळा आपोआप सुटायची. बहुरूपी तर असा बेमालूम फौजदार व्हायचा की म्हाताऱ्या पाटलांचीही क्षणभर पाचावर धारण बसे. कोणी पसाभर जोंधळे घाली, कोणी सुपात बाजरी आणी, कोणी जुने लुगडे काढून देई. त्याला कोणी भीक म्हणत नसे. म्हटलेच तर भिक्षा म्हणत, आणि ती घालणाऱ्यालाही आपण काही उपकार करतो आहोत असे वाटत नसे. सकाळी दारात देवाचे नाव ऐकले, त्याचे हे देणे, इतका साधा हिशेब.

आता खळेच राहिले नाही. सोयाबीन यंत्रातून थेट पोत्यात आणि पोते थेट आडतीवर. जोंधळा कमी झाला, घरात रास नाही, मग सूप भरून द्यायचे काय? नवरा-बायको दोघेही कामाला बाहेर, दाराला कुलूप. पोरे तालुक्याच्या शाळेत. करमणूक तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये येऊन बसली आहे. तेव्हा हे खळ्याचे पाहुणे गेले कुठे, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला? पुण्या-मुंबईला जाऊन आलेल्यांनी त्यांना पाहिलेले असते. सिग्नलला गाडी थांबली की काचेपलीकडे दिसतात ते. उड्डाणपुलाखाली ज्यांची पाले दिसतात तेही त्यांच्यातलेच.

आणि गावातून ते नुसते धान्याअभावी गेले असेही नाही. संशयानेही गेले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथे भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. हे पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती, आणि परक्या वेषाची, परक्या बोलीची माणसे दिसल्यावर कोणी चौकशीसुद्धा केली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा डौर दारात वाजला, त्यांना ओळखणारे त्या गर्दीत कोणी उरले नव्हते. अशा बातम्यांनंतर भटकी माणसे आडवाटेच्या गावापेक्षा शहराचा चौक बरा मानू लागली, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पण शहरात त्यांची गाठ पडते ती कायद्याशी.

‘गाणे हा बहाणा’

मुंबई राज्य असताना १९५९ साली भीक मागण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्याआधी १९४५ चा एक कायदा मुंबईत होताच. या १९५९ च्या कायद्यात भीक म्हणजे काय याची व्याख्या दिलेली आहे. ती अशी की, सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा घेणे, मग ते गाणे म्हणणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे अशा बहाण्याने असो वा नसो, ती भीकच. वाचकहो, ‘बहाणा’ हा शब्द नीट पाहा. वासुदेवाचे गाणे, डोंबाऱ्याची कोलांटी, कुडमुड्या जोशाचे भविष्य हे सगळे कायद्याच्या दृष्टीने हात पसरण्याचे निमित्त. गाणे चांगले की वाईट, खेळ शिकायला दहा वर्षे लागली की दहा दिवस, याचा विचार त्यात कुठेच नाही. तोच गोंधळी संबळ घेऊन नाट्यगृहात उभा राहिला तर तो लोककलावंत. त्याचे तिकीट निघते, सरकार त्याला शालही देते. बाहेरच्या पदपथावर उभा राहिला की भिकारी.

एवढेच नाही. उपजीविकेचे काही दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी हिंडणे किंवा थांबणे, आणि हा माणूस भिक्षेवर जगत असावा असे वाटावे अशा स्थितीत असणे, हेही त्या व्याख्येत बसते. म्हणजे मागितले नाही तरी अंगावरच्या कपड्यांवरून माणूस पकडला जाऊ शकतो.

पुढची तऱ्हाही समजून घेण्यासारखी आहे. रस्त्यावर पकडायला पोलिसाला वॉरंट लागत नाही. खासगी आवारात शिरलेल्याला पकडायचे तर मात्र तिथे राहणाऱ्याची तक्रार लागते. मग न्यायालयापुढे थोडक्यात चौकशी होते. पुन्हा मागणार नाही असे न्यायालयाला वाटले तर समज देऊन, जामीनकतबा घेऊन सोडता येते. तसे नाही वाटले तर निदान एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षे भिक्षेकरी गृहात. मुंबईत असे गृह चेंबूरला आहे. एकदा आत राहून आलेला पुन्हा सापडला तर दोन ते तीन वर्षे, आणि त्यानंतरही सापडला तर दहा वर्षांपर्यंत मजल जाते. आपल्याकडे कित्येक मारामारीच्या खटल्यांत याहून कमी शिक्षा होते! शिवाय पकडलेल्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांनाही ठेवून घेण्याची तरतूद त्यात आहे. म्हातारी आई बरोबर असली तर तीही गेली.

न्यायाने बोलायचे तर कायद्यात एक खिडकीही आहे. अधिकाऱ्यांनी रीतसर मान्यता दिलेल्या कारणासाठी पैसे किंवा जिन्नस गोळा केले तर ते भीक धरले जात नाही. पण ती मान्यता मागायला अर्ज, पत्ता, शिक्का हे सगळे हवे. पालात राहणाऱ्याने पत्ता कोणता घालायचा?

दिल्लीतही हाच मुंबईचा कायदा लावलेला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. माणसाला अन्न, निवारा, काम देणे सरकारला जमले नाही, आणि त्यापायी तो रस्त्यावर आला तर त्यालाच गुन्हेगार ठरवणे हे घटनेतल्या समतेच्या व जगण्याच्या हक्काशी जुळत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. दुसऱ्याला जबरीने भीक मागायला लावणाऱ्यांना मात्र त्यात मोकळीक नाही, आणि ती नसावीच. २०२१ साली रस्त्यावरची भीक बंद करा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा न्यायालयाने हा दारिद्र्याचा प्रश्न आहे असे म्हणून तशी बंदी घालण्यास नकार दिला. पण दिल्लीचा निकाल दिल्लीचा. आपल्या महाराष्ट्रात, जिथे तो कायदा जन्मला, तिथे तो पुस्तकात आहे तो आहेच.

चौकातले दिवस

आता कायदा आहे म्हणून रोज सगळ्यांना धरून नेतात असे समजू नये. तसे केले तर चेंबूरला पाय ठेवायला जागा उरणार नाही. रोजचा व्यवहार वेगळाच चालतो. हवालदार काठी हलवतो, ‘चला, पुढे व्हा’ म्हणतो, आणि माणूस पुढच्या चौकात जातो. कोणी मोठा पाहुणा शहरात येणार असला, मोठी परिषद भरणार असली की गाड्या फिरतात. एकूण काय, माणूस पकडला जाणार की नाही हे त्याने काय केले यावर ठरत नाही. साहेबाची मर्जी आणि दिवस कोणता, यावर ठरते. कायदा कडक असण्यापेक्षाही हे वाईट, असे आमचे मत आहे. कारण जिथे कधीही धरता येते तिथे न धरण्याचीही किंमत लागते, हे सांगायला ज्योतिषी नको.

सिग्नल लाल राहतो तो मिनिट-दीड मिनिट. त्यातच खेळ करायचा आणि त्यातच पैसे गोळा करायचे. गावात डोंबाऱ्याचा खेळ तासभर चाले. आधी ढोलके, मग लहान पोराच्या कोलांट्या, मग बोलाचाली, हशा, आणि सगळ्यांत शेवटी दोरावरची कसरत. खेळाला चढण होती, पाहणाऱ्याचा जीव वर धरलेला असे. चौकात दोन कोलांट्या आणि एक हात पुढे, एवढेच उरले. कसब असलेला आणि नसलेला इथे सारखाच दिसतो. मग पोरांनी जीव तोडून शिकायचे तरी कशाला? कला मेली ती अशी. कोणी बंदी घातली म्हणून नव्हे, वेळच मिळाला नाही म्हणून.

लोकलगाडीतली गंमत तर आणखी निराळी. मुंबईच्या गाड्यांत सकाळ-संध्याकाळ चाकरमान्यांची भजनी मंडळे टाळ-मृदंग घेऊन डबा दणाणून सोडतात. ते पैसे मागत नाहीत, म्हणून ती भक्ती. त्याच डब्यात गळ्यात लहानसा लाउडस्पीकर अडकवून अंध गायक जुनी गाणी म्हणत पुढे सरकतो, ती रेल्वेच्या नियमाप्रमाणे मनाई असलेली भीक. आवाजाच्या बाबतीत म्हणाल तर दोघांत डावे-उजवे करणे कठीण.

ध्वनिवर्धक लावायचा तर २००० सालच्या नियमांप्रमाणे लेखी परवानगी हवी, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो बंद, आणि इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. हा नियम आम्हाला योग्य वाटतो. शहरातली माणसे खुराड्यासारख्या घरांत एकमेकांना लागून राहतात; खिडकीखाली रोज चार तास एकच ढोल वाजला तर आजारी माणसाने काय करावे? रस्त्यावर वाद्ये वाजवण्याचे, गर्दीचे नियमन करण्याचे अधिकार पोलीस आयुक्तांना १९५१ च्या पोलीस कायद्याने दिलेले आहेत. म्हणजे गोंगाट आणि अडथळा रोखायला वेगळे कायदे आहेतच. त्यासाठी गाणाऱ्याला भिकारी ठरवण्याची गरज नाही.

सुट्या नाण्यांची जागा आता फोनने घेतली आहे. ‘सुटे नाहीत’ म्हणणाऱ्यापुढे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद धरला जातो. २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्रीय अर्थमंत्र्यांनीच एक चित्रफीत लोकांना दाखवली होती. तेलुगू मुलखातल्या सजवलेल्या नंदीबैलाच्या कपाळावर असा कागद लावलेला आणि समोरचा माणूस फोन धरून पैसे टाकतो आहे. सगळ्यांना मौज वाटली. पण त्या कागदासाठी बँकेत खाते लागते, आणि खात्यासाठी ओळखपत्र. ती कथा पुढे येईलच.

पोरे आणि जनावरे

इथे मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहायला हवे. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या यांना शिकवून खेळ करायला केंद्र सरकारने १९९१ साली मनाई केली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अस्वलाच्या नाकातून तापलेली सळई घालून दोर ओवत असत, हे ज्याने ऐकले आहे त्याला पुन्हा तो खेळ पाहवणार नाही. २००९ च्या सुमारास देशातली नाचती अस्वले बंद झाली. पण दरवेशाचे अस्वल नेताना दरवेशाच्या हातात काय दिले? काही संस्थांनी काही घरांना शिवणयंत्र, रिक्षा, दुकान असे साहाय्य केले. बाकीचे चौकात आले.

मुलांचेही तसेच. २०१६ पासून चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याच धंद्यात कामाला लावता येत नाही. यातून दोन वाटा सोडल्या आहेत. एक, शाळा सुटल्यावर घरच्या निर्धोक कामात हातभार लावणे. आपल्या शेतातली पोरे त्यात येतात. दुसरी, सिनेमा, जाहिरात, दूरदर्शनच्या मालिका यांत काम करणारी मुले. सर्कस मात्र वगळली. सिनेमातल्या मुलासाठी २०१७ चे नियम आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त नाही, आणि मिळकतीतला पाचवा हिस्सा तरी त्याच्या नावाने बँकेत. दोरावर चालणाऱ्या पोरीला यातले काही नाही. तिच्याकडून कोणी भीक मागवली तर २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड. शिक्षा असावी. चौकातल्या धुरात सहा वर्षांच्या पोरीने बांबूवर चढावे असे कोणाही आई-बापाला वाटणार नाही. पण तिला धरून बालगृहात नेले, बाप कोठडीत गेला, आणि सुटल्यावर तो दुसऱ्या शहरात निघून गेला, तर तिच्या शाळेचे काय झाले? शाळा एका जागी असते, आणि पाल उठते, ही खरी अडचण आहे.

दुसरीकडे काय करतात

लंडन शहरात भुयारी रेल्वेच्या वाटांवर गाणारे-वाजवणारे पूर्वी चोरून उभे राहत आणि हाकलले जात. २००३ पासून रेल्वेने त्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. आधी वाजवून दाखवायचे, पसंत पडले तर परवाना, आणि स्थानकात जमिनीवर अर्धवर्तुळ आखलेले असते त्या जागेची वेळ ठरवून घ्यायची. वेळ संपली की पुढचा येतो. रेल्वेचे काही अडत नाही, आणि प्रवासी खुशीने नाणे टाकतात. म्हणजे तिथे सगळे गोडच आहे असे नव्हे. तिथल्या लेस्टर चौकात रस्त्यावरच्या गाणी-बजावणीमुळे आसपासच्या कचेऱ्यांना काम करणे अशक्य झाले; प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ साली नगरपालिकेला तिथल्या ठरलेल्या जागा स्थगित कराव्या लागल्या. पण भांडण झाले ते आवाजाचे. गाणाऱ्याला भिकारी कोणी म्हटले नाही.

आपल्या मुंबईतही २०१२ च्या सुमारास असा एक प्रयोग झाला. एका संस्थेने रेल्वेची परवानगी काढून स्थानकांच्या आवारात गायक-वादकांना ठरावीक वेळी उभे केले आणि त्यांना संस्थेनेच मोबदला दिला. संध्याकाळी घाईने गाडी गाठणारी माणसे दोन मिनिटे थांबून ऐकत होती. करायचे म्हटले तर होते, एवढे त्यातून दिसले. तसा कायमचा नियम मात्र झाला नाही. २०१४ साली फेरीवाल्यांसाठी केंद्राचा कायदा आला. पाहणी, प्रमाणपत्र, बसायची जागा, समितीत प्रतिनिधी असे त्यात पुष्कळ काही आहे. फुगे विकणाऱ्याला निदान कागदावर तरी आधार मिळाला. गाणाऱ्या-नाचणाऱ्याचे नाव त्यात कुठे स्पष्ट घेतलेले नाही.

२०२० च्या जुलैत, टाळेबंदीच्या दिवसांत, पुण्याच्या रस्त्यावर दोन्ही हातांत काठ्या गरगरा फिरवणाऱ्या पंच्याऐंशी वर्षांच्या शांताबाई पवार देशभर गाजल्या. घरातल्या नातवंडांसाठी त्या बाहेर पडल्या होत्या. मंत्री भेटायला गेले, मदत मिळाली, आनंद झाला. पण १९५९ चा कायदा शब्दशः लावला असता तर त्या आजींची जागा सत्कारात नव्हती, भिक्षेकरी गृहात होती.

कागदाचा तिढा

सगळ्याच्या मुळाशी जाऊन अडते ते कागदापाशी. या जमातींपैकी कित्येकांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. तो १९५२ साली पुसला गेला आणि त्यांना विमुक्त म्हटले गेले. महाराष्ट्रात विमुक्त जातींना ३ टक्के आणि गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, नंदीवाले अशा भटक्या जमातींना अडीच टक्के राखीव जागा आहेत. वसतिगृहे, आश्रमशाळा, घरासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना, व्यवसायाला कर्ज देणारे वसंतराव नाईक महामंडळ, सगळे आहे. म्हाताऱ्या कलावंताला सरकारचे मानधन आहे. २०२४ पासून ते दरमहा पाच हजार रुपये झाले. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली आणि दादा इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दहा वर्षांनी देशभरच्या भटक्यांची दैना अहवालात मांडली.

पण जातीचा दाखला काढायला गेले की २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख आडवी येते. त्या तारखेपूर्वी आजा-पणजा महाराष्ट्रात अमुक ठिकाणी राहत होता याचा पुरावा द्यायचा. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, शाळेचा दाखला असतो, गावच्या दप्तरात जन्ममृत्यूची नोंद असते. ज्याचा आजा वर्षातून चाळीस गावे फिरला, ज्याचा जन्म कोणत्या तरी ओढ्याकाठी झाला, त्याने कोणत्या गावाचे दप्तर धुंडाळायचे? दाखला नाही म्हणून शाळेत सवलत नाही, सवलत नाही म्हणून शिक्षण नाही, शिक्षण नाही म्हणून पुन्हा चौक.

आणि इथेच गावाचा संबंध येतो. यांतली पुष्कळ माणसे वर्षातून काही महिने अजून कोणत्या ना कोणत्या गावाच्या शिवारात पाल ठोकतात. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथाच्या यात्रेत त्यांचे मेळे भरत आले आहेत, पौष पौर्णिमेला जेजुरीच्या गाढवांच्या बाजारात ती जमतात. जे कुटुंब दरवर्षी आपल्याच गावात उतरते त्याची नोंद ग्रामपंचायतीत करून घेणे, रहिवासाचा दाखला देणे, पोरांची नावे जिल्हा परिषदेच्या शाळेत घालणे, मतदारयादीत नाव चढवणे, हे ग्रामसभेच्या हातातले काम आहे. अधिकारी घरी जाऊन चौकशी करून दाखल्यासाठी अहवाल देऊ शकतात. त्या वेळी ‘होय, यांचे आजोबा आमच्या वडिलांच्या खळ्यावर येत होते’ असे सांगणारे गावातले म्हातारे लागतात. ते म्हातारे आता थोडेच उरले आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. रेशनकार्ड एकदा निघाले की आता कोणत्याही शहरात त्यावर धान्य मिळते, तेव्हा गावात काढलेला कागद चौकातही उपयोगी पडतो.

कोणी पकडलाच गेला तर कोठडीतल्या माणसाला, मग तो कोणीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका व जिल्हा न्यायालयात विधी सेवा समितीची कचेरी असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. लहान मुलाचा प्रश्न असेल तर १०९८. आपल्या गावाशी ओळख असलेले एखादे कुटुंब शहरात असेल, तर हे दोन आकडे त्यांच्या फोनमध्ये घालून द्यावेत. कलावंत मानधनाचा अर्ज कधी व कसा भरायचा याची चौकशी पंचायत समितीत करावी; त्याला कलेची बरीच वर्षे सेवा केल्याचे पुरावे जोडावे लागतात, आणि गावच्या जत्रेच्या जुन्या पत्रिका, सरपंचाचे पत्र, छायाचित्रे अशा वेळी कामाला येतात.